जरी म्हटलं की तरी येतोच

माझ्या भाचीच्या इंग्रजीच्या वहीत मागच्या आठवड्यात एक लाल गोल दिसला आणि मला माझी वही आठवली, कारण शब्द तोच होता, गोल तसाच होता, मधे फक्त तीसेक वर्षं गेली होती. तिनं मैत्रिणीवर निबंध लिहिला होता, त्यात एक वाक्य होतं, 'ऑलदो शी लॉस्ट द रेस, बट शी वॉज हॅपी.' त्यातल्या 'बट'ला गोल. बाजूला काही लिहिलेलं नाही, नुसता गोल.

"मावशी, ह्यात चूक काय आहे? मराठीत करून बघ ना, जरी ती शर्यत हरली तरी ती खुश होती. बरोबर आहे की."

मी म्हटलं, "ऑलदो आणि बट एका वाक्यात येत नाहीत गं." ती म्हणाली, "का पण?" आणि मी गप्प. म्हणजे मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते, इंग्रजीतून मराठीत आणि उलटही, दिवसातून दहा वेळा हा शब्द माझ्या हाताखालून जातो, आणि त्या लेकराला मी तेच सांगितलं जे मला सांगितलं गेलं होतं, 'येत नाहीत', बस. कारण कोणीच दिलं नव्हतं, मीही मागितलं नव्हतं. तिनं मान डोलावली, पण तिला पटलेलं नव्हतं, आणि न पटता पाठ केलेला नियम परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून जातो हे मला अनुभवानं माहीत आहे. म्हणून मग मी चार-पाच दिवस ह्याच्या मागे लागले, आणि त्यात जे हाती लागलं ते लिहून ठेवतेय.

पहिली गोष्ट, आपला कान चुकलेला नसतो. आपल्या भाषेला जोड्या आवडतात. जर आलं की तर येतं, जेव्हा आलं की तेव्हा, जो म्हटलं की तो, जसं-तसं, जितकं-तितकं, जिथे-तिथे. पहिला शब्द ऐकला की आपण दुसऱ्याची वाट बघायला लागतो आणि तो आला की वाक्य बसल्यासारखं वाटतं. आता त्यात जरी-तरीची एक गंमत मला ह्या वयात येऊन कळली. ह्या जोडीतला पहिला शब्द खरं तर गाळता येतो. 'ती दमली होती तरी धावली.' ह्यात जरी कुठेय? नाहीये, आणि काही अडत नाही. पण उलट करून बघा, जरी ठेवा आणि तरी काढा. 'जरी ती दमली होती, ती धावली.' कानाला लगेच खटकतं, भाषांतराचा वास येतो (मी असली वाक्यं रोज दुरुस्त करते, वास लांबून येतो). म्हणजे मराठीत सगळा भार तरीवर आहे, आणि हा तरी बसतो कुठे, तर दोन वाक्यं जिथे जुळतात त्या सांध्यावर.

इंग्रजीत बरोबर उलट. तिथे भार 'ऑलदो'वर, आणि तो पहिल्या वाक्याच्या तोंडाशी बसतो, सांध्यावर फक्त एक स्वल्पविराम. आता मराठी डोक्यात इंग्रजी वाक्य तयार होताना काय होतं बघा, जरीच्या जागी ऑलदो आलं, पहिलं वाक्य संपलं, आपण सांध्यापाशी पोचलो, आणि जीभ अडखळते, कारण इथे काहीतरी असायला पाहिजे असं तिला आयुष्यभर शिकवलेलं आहे, तिथे नुसता स्वल्पविराम तिला रिकामा वाटतो, म्हणून ती हाताशी असलेला सगळ्यात जवळचा शब्द उचलते, तो 'बट'. भाचीच्या वहीतला बट हा असा आलेला आहे. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी मुलांचंही हेच होतं म्हणे, आणि ते साहजिक आहे, त्यांच्याकडे 'स्वेरान' आणि 'दानशर' अशी पक्की जोडी आहे, त्यातला दुसरा शब्द म्हणजे चक्क पण.

मग इंग्रजीला बट का नको? ह्याचं उत्तर मला एका साध्या प्रयोगानं मिळालं. बट हा शब्द दोन पूर्ण वाक्यं जोडतो, त्याच्या डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला एक, दोन्ही स्वतःच्या पायावर उभी. तर बटच्या जागी पूर्णविराम द्या आणि डावीकडचा तुकडा एकटा वाचा. 'ऑलदो शी लॉस्ट द रेस.' संपलं? नाही संपलं. ऐकणारा थांबून राहतो, पुढे काय? कारण ऑलदो ज्या वाक्याला लागतो त्याला तो परावलंबी करून टाकतो, ते आता दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभं राहू शकत नाही. आणि बटला तर डावीकडे धडधाकट वाक्य हवंय. म्हणून दोघांचं जमत नाही. 'शी लॉस्ट द रेस, बट शी वॉज हॅपी' म्हणा किंवा 'ऑलदो शी लॉस्ट द रेस, शी वॉज हॅपी' म्हणा, दोन्ही घरं चांगली आहेत, एकाच वेळी दोन्हीत राहता येत नाही इतकंच.

पण (आणि हा पण मला फार आवडला) आपल्या तरीला इंग्रजीत जागाच नाही असं नाहीये. जुन्या इंग्रजीत जरी-तरीसारखी जोडी सरळ चालायची, 'दो' आणि 'येट'. 1611 साली छापलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ईयोब नावाच्या भक्ताच्या तोंडी वाक्य आहे, 'दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम', म्हणजे त्यानं मला मारलं तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवीन. त्यातला येट हा आपला तरी, शब्दाला शब्द. ही जोडी आज थोडी जुनाट वाटते, पण चूक कोणी म्हणणार नाही, आणि येटच्या जागी 'स्टिल' घेतला तर जुनाटही वाटत नाही. 'ऑलदो शी वॉज टायर्ड, शी स्टिल फिनिश्ड द रेस.' अगदी रोजचं, आजचं इंग्रजी. हे चालतं कारण इथे येट आणि स्टिल क्रियाविशेषणाचं काम करतात, वाक्यं जोडायचं काम करत नाहीत, जोडणारा एकटा ऑलदोच राहतो. म्हणजे भाचीला सांध्यापाशी जी पोकळी जाणवली ती खरी होती, तिनं त्यात भरलेला शब्द तेवढा चुकला. हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तीस वर्षं मी समजत होते की आपली मराठी इंग्रजीच्या आड येते, आणि इथे तर मराठीच बरोबर जागा दाखवत होती.

आणि हो, मराठीतही जरीला 'पण' जोडलेला चालत नाहीच. 'जरी मला बरं नव्हतं पण मी गेले' असं बोलताना सर्रास होतं, मीही बोलते, पण लिहिताना तिथे तरीच पाहिजे. ह्यालाही कोणीतरी लाल गोल करायला हवा.

शाळेत उभयान्वयी अव्ययं, म्हणजे वाक्यं जोडणारे शब्द, पाठ केली होती ती पुन्हा काढली. पण, परंतु, परी, किंतु, बाकी हे सगळे एका खान्यात, त्या खान्याचं नाव न्यूनत्वबोधक. तेव्हा हे नाव नुसतं घोकलं होतं, आता वाचलं आणि थबकले. न्यूनत्व म्हणजे उणेपणा. पहिल्या वाक्यात काहीतरी उणं आहे हे दुसरं वाक्य दाखवतं. ज्यानं कोणी हे नाव बसवलं त्यानं किती बारकाईनं ऐकलं असेल, कारण पण म्हटल्याबरोबर आपल्याला हेच वाटतं ना, की आत्तापर्यंत ऐकलं ते पुरतं नव्हतं, आता खरं काय ते येणार. जरी-तरी मात्र ह्या खान्यात नाहीच, ते जर-तरच्या शेजारी बसवलंय, संकेतबोधकात, म्हणजे अट सांगणाऱ्यांत. तेही बरोबरच आहे, कारण आपला जरी घडलेल्या गोष्टीलाही लागतो आणि न घडलेल्यालाही. 'तो आला असला तरी मी बोलणार नाही', इथे तो आलेला आहे. 'तो आला तरी मी बोलणार नाही', इथे अजून यायचाय, येईल न येईल. फरक आपण क्रियापदात दाखवतो. इंग्रजी तो शब्दातच दाखवते, आलेला असेल तर 'इव्हन दो', येईल न येईल असं असेल तर 'इव्हन इफ'. इथे आपल्याकडून खूप चुका होतात आणि त्या लाल गोलात सापडतही नाहीत, कारण वाक्य व्याकरणानं शुद्ध असतं, फक्त अर्थ भलताच होतो. करारपत्राच्या एका भाषांतरात मी ही चूक जवळजवळ सोडून देणार होते, 'माल उशिरा पोचला तरी' ह्यातला तरी इव्हन दो केला होता, म्हणजे माल उशिरा पोचलाच असं मी लिहून मोकळी होणार होते, जेव्हा मूळ माणूस फक्त शक्यतेबद्दल बोलत होता. रात्री शेवटचं वाचताना सापडलं. तेव्हापासून तरी दिसला की मी आधी क्रियापद बघते.

ह्या शब्दांच्या जन्मकथा बघायची मला सवय आहे, त्यात वेळ जातो पण कधीकधी हाती सोनं लागतं. ऑलदो म्हणजे 'ऑल' आणि 'दो' एकत्र, ऑल नुसता जोर द्यायला. आणि त्यातला दो हा इंग्रजीनं नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, लोकांच्या भाषेतून उचललेला, तिचा स्वतःचा तसाच शब्द होता तो मागे पडला. पण बटची गोष्ट जास्त सुंदर आहे. जुन्या इंग्रजीत तो 'बूतान' होता आणि त्याचा अर्थ होता बाहेर, वगळून. स्कॉटलंडमध्ये दोन खोल्यांच्या घराला 'बट अँड बेन' म्हणतात, बेन म्हणजे आतली खोली, बट म्हणजे बाहेरची. आजही 'नथिंग बट' म्हटलं की त्यातला बट म्हणजे 'पण' नसतो, तो वगळणारा बट असतो, खेरीज, शिवाय. 'लास्ट बट वन' म्हणजे एक सोडून शेवटचा. विद्यार्थी अशा ठिकाणी 'पण' घालून अर्थ लावायला जातात आणि काहीच लागत नाही. 'बाहेर' ह्या अर्थापासून 'पण' ह्या अर्थापर्यंतचा रस्ता मला दिसतो, जे सांगितलं त्याच्या बाहेर अजून एक गोष्ट आहे असं सांगणारा शब्द. आपला पणही असाच लांबून आलाय, संस्कृतातल्या पुनः पासून, पुन्हा, आणखी. म्हणूनच 'मी पण येते' मधला पण सुद्धा तोच, तिथे विरोध नाही, भर आहे.

अजून एक गोष्ट, बट हा नेहमी 'पण' नसतो. 'ती आळशी नाही, तर दमलेली आहे' ह्या वाक्यात मराठी 'तर' वापरते, 'पण' नाही. एक काढून त्या जागी दुसरं ठेवायचं असेल तर आपला शब्द वेगळा. जर्मनमध्येही असंच, 'आबर' वेगळा आणि 'झोन्डर्न' वेगळा, स्पॅनिशमध्ये 'पेरो' आणि 'सिनो'. इंग्रजी दोन्हीकडे बटच म्हणते. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत येताना सावध राहावं लागतं, प्रत्येक बटला 'पण' ठोकला की 'ती आळशी नाही पण दमलेली आहे' असं काहीतरी हातात येतं, ज्याचा अर्थ वेगळाच.

1879 साली गॉटलोब फ्रेगे ह्या जर्मन तर्कशास्त्रज्ञानं एक छोटी गोष्ट नोंदवली. तर्काच्या हिशेबात 'आणि' व 'पण' ह्यांत फरक नाही, दोन्ही बाजू खऱ्या असल्या की वाक्य खरं. 'पण' म्हणणारा फक्त सुचवतो की पुढचं जे येतंय ते तुम्हाला वाटलं असेल त्यापेक्षा वेगळं आहे. मला हे वाचून एक जुनं वाक्य आठवलं. मी शाळेत असताना एका मोठ्या माणसानं चारचौघांत माझं कौतुक केलं होतं, "मुलगी आहे पण गणितात हुशार आहे." सगळे हसले, मीही खुश झाले. आज ते वाक्य उलगडून बघते तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत, मी मुलगी होते, गणितात बरी होते, आणि सगळा घाव त्या दोन अक्षरांत आहे. तिथे 'आणि' म्हटलं असतं तर नुसतं कौतुक राहिलं असतं. त्या माणसाचं मन वाईट नव्हतं हे मला माहीत आहे, पण 'पण' मनातलं बाहेर काढतो, बोलणाऱ्याला काय अपेक्षित होतं ते सांगून टाकतो. म्हणून मी भाषांतरात 'पण' कुठे आहे आणि 'आणि' कुठे आहे हे कधीच बदलत नाही, कितीही वाक्य रटाळ झालं तरी.

आणि व्याकरण शिकवताना जे कोणीच सांगत नाही ते म्हणजे भार कुठे पडतो. मागे एकदा माझ्याबरोबर काम केलेल्या एका मुलीला नवी नोकरी हवी होती, तिनं मला शिफारसपत्र मागितलं. मी इंग्रजीत लिहिलं, मराठीत सांगायचं तर असं, ती फार मेहनती आहे, पण तिला अनुभव कमी आहे. खोटं काही नव्हतं. पाठवायच्या आधी पुन्हा वाचलं आणि पोटात गोळा आला, कारण वाचणाऱ्याच्या हातात शेवटी काय राहतं, तर अनुभव कमी. मेहनत त्या पणच्या अलीकडे राहून गेली. मग मी ऑलदो घेतला, अनुभव कमी असला तरी ती फार मेहनती आहे. तेच दोन मुद्दे, एक शब्दही जास्तीचा खरा किंवा खोटा नाही, आणि पत्र बदललं. बटमध्ये दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात, पण नंतर येणारी कानात राहते. ऑलदोमध्ये तुम्ही ठरवून एक बाजू खाली ठेवता, हे मला मान्य आहे, आता मुख्य ऐका, असं. तेव्हापासून कोणाबद्दलही लिहिताना मी हे बघते, रागावून लिहिताना तर जास्तच.

बाकी बारीकसारीक नियम पटकन सांगून टाकते. ऑलदोचं वाक्य आधी आलं तर ते संपल्यावर स्वल्पविराम, खुद्द ऑलदोनंतर सहसा नाही, बटनंतरही नाही, दोन पूर्ण वाक्यं जोडताना बटच्या आधी द्यावा. 'हाउएव्हर' दिसतो बटसारखा पण तो जोडणारा शब्द नाही, त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नुसता स्वल्पविराम देऊन दोन वाक्यं चिकटवली की झाली चूक, आणि ही चूक मोठमोठ्या रिपोर्टांत सापडते. तो वाक्याच्या मधे बसतो तेव्हा मला आपला मात्र आठवतो, 'ती मात्र आली नाही', ज्या शब्दावर विरोध आहे त्याच्याच मागे जाऊन उभा राहणारा. 'डिस्पाइट'नंतर नाम येतं, वाक्य येत नाही, आणि त्याला 'ऑफ' लागत नाही, ऑफ लागतो तो 'इन स्पाइट'ला. आणि बटनं वाक्य सुरू करायचं नाही हा शाळेतला नियम, तो मी इतकी वर्षं पाळला, तो मुळात नियमच नाहीये. 1776 च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं एक महत्त्वाचं वाक्य बटनंच सुरू होतं. ऑलदोनं वाक्य संपवता येत नाही, 'दो'नं येतं, 'आय लाइक्ड इट, दो', आणि तो शेवटी लोंबणारा दो आपल्याला ओळखीचा आहे, 'मला आवडलं पण', असं आपण दिवसभर बोलतो.

रविवारी भाचीला हे सगळं सांगितलं, म्हणजे सगळं नाही, फ्रेगे वगैरे नाही, पण सांध्याचं सांगितलं, पूर्णविरामाचा प्रयोग तिच्याकडून करून घेतला, स्टिल दाखवला. तिनं ते वाक्य तीनदा लिहिलं. एकदा नुसत्या बटनं. एकदा ऑलदो पुढे ठेवून. आणि एकदा ऑलदो मागे नेऊन, 'शी वॉज हॅपी, ऑलदो शी लॉस्ट द रेस.' मी म्हटलं, "तिन्ही बरोबर आहेत. तुला कुठलं हवंय?" मला वाटलं होतं ती दुसरं घेईल, मी तेच घेतलं असतं, शेवट आनंदावर होतो. ती थोडा वेळ वहीकडे बघत बसली.

"तिसरं."

"का गं?"

"मावशी, ती धावून आली ना, तेव्हा हसत होती. मला वाटलं जिंकली. ती हरलीय हे मला नंतर कळलं."

तिनं वरची दोन वाक्यं पट्टी धरून खोडली.